रांगोळीची खोली

तेजश्री कोठावदे टीम लीडर झाली त्याच आठवड्यात तिच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सासऱ्यांच्या गुळण्या ऐकू गेल्या. बंगळुरूच्या मॅनेजरने काळजीने विचारलं, "नाशिकला पूर आलाय का?" त्याआधी कुकर, मिक्सर आणि सासूबाईंचं "अगं, साहेबांना विचार ना, तिकडे तीळ काय भावाने मिळतात" हे सगळं कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये जमा झालंच होतं. सिडकोतल्या त्या घरात तेजश्रीचं ऑफिस म्हणजे फ्रिज आणि धान्याची कोठी यांच्यामधलं एक स्टूल होतं.

"मला एक खोली पाहिजे," ती नवऱ्याला, धवलला म्हणाली. "खिडकी नसली तरी चालेल. पण दार पाहिजे. बंद होणारं."

घर वर वाढवायचं ठरलं. धवलचा मित्र स्वराज इंजिनीअर होता, त्याने प्लॅन काढून आणला. सासऱ्यांनी, दिवाकररावांनी, तो कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"यात माणूस शिरतो कुठून?"

"काका, हा पाव गोल दिसतोय ना, ते दार."

"दार गोल आहे?"

"नाही हो. उघडताना असं फिरतं ते."

"ते फिरेल तेव्हा फिरेल. मला जागेवर दाखव."

म्हणून स्वराजने गच्चीवर दोरी धरून अख्खा मजला खऱ्या मापात आखला. सासूबाईंनी, गोदावरीबाईंनी, रांगोळीचा डबा दिला. पाहुण्यांची खोली, मधला पॅसेज, कोपऱ्यात संडास-बाथरूम आणि जिन्याच्या पलीकडे तेजश्रीची खोली. एवढं करून स्वराज इगतपुरीच्या साइटवर निघून गेला. गच्चीवर मागे काय होणार आहे याची त्याला कल्पना नव्हती.

दिवाकररावांचा सगळा जन्म नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेला होता. जिथे नोटा छापतात तिथे माणूस आत जाताना तपासला जातो, बाहेर येतानाही तपासला जातो, आणि रेघ आखलेली असेल तर ती ओलांडत नाही. धवल संडासातून सरळ पाहुण्यांच्या खोलीत चालत गेला तेव्हा ते ओरडले, "थांब! भिंतीतून कुठे चाललास?"

"बाबा, रांगोळी आहे ती."

"आज रांगोळी आहे. उद्या वीट येईल. तेव्हा कपाळ फुटलं म्हणजे मला सांगू नकोस."

मग नियम ठरले. दारातूनच जायचं. दार अजून नसल्यामुळे तोंडाने "टक टक" म्हणायचं. आतून "या" आलं तरच पाऊल आत टाकायचं.

"आणि आत कोणी नसेल तर?" धवलने विचारलं.

"मग रिकाम्या खोलीत तुझं काम काय?"

थोड्याच दिवसांत सगळ्यांना सवय झाली. थंडीचे दिवस होते, ऊनही छान पडायचं, त्यामुळे अख्खं कुटुंब न बांधलेल्या मजल्यावरच राहायला गेल्यासारखं झालं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गच्चीवरून भरल्या वांग्यांची वाटी पुढे केली, तर गोदावरीबाई म्हणाल्या, "तिथून नको हो, तिथे भिंत आहे. जरा उजवीकडून द्या, खिडकीतून." काकू मुकाट्याने उजवीकडे सरकल्या.

रात्रीच्या वाऱ्याने भिंती उडायच्या, म्हणून गोदावरीबाई सकाळी अंघोळ झाली की त्या पुन्हा घालायच्या. दोरी त्यांना लागत नसे. त्यांना माहेरची माणसं प्रिय असल्यामुळे पाहुण्यांची खोली रोज थोडी थोडी फुगत गेली आणि तेजश्रीची तितकीच आकसत गेली.

"आई, काल माझं टेबल आडवं बसत होतं," तेजश्री म्हणाली.

"अगं, मग उभं लाव की."

अशात एका रविवारी सटाण्याहून देवराममामा आले. हे गोदावरीबाईंचे धाकटे भाऊ. कांद्याचे व्यापारी, मनाने मोठे आणि रुसायला त्याहून मोठे. वरच्या खोलीचं सागवानी दार भाचेसुनेला आपल्याकडून, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. जागा बघायला ते गच्चीवर आले, उन्हात एक खुर्ची दिसली, बसले. चहा आला, फरसाण आलं. मामा मजेत खाऊ लागले.

खुर्ची संडासात होती.

हे सगळ्यांच्या लक्षात आलं, पण बोललं कोणी नाही. दिवाकरराव पॅसेजमध्ये पाठ फिरवून उभे राहिले.

"दिवाकरराव, असे तिकडे तोंड करून का? या ना, बसा."

"नको, नको. मी बाहेरच बरा. तुमचं होऊ द्या आधी."

"माझं? काय होऊ द्या?"

दिवाकररावांच्याने खोटं बोलवेना. त्यांनी सांगितलं. मामांच्या हातातली बशी तशीच राहिली. एरवी नाशकात ते नाशिकची मराठी बोलत, पण मनाला लागलं की सरळ सटाण्याच्या अहिराणीला पोचत.

"आक्का! इतला येळ मी संडासमा बठेल व्हतू?"

"अरे देवराम, अजून बांधलाय कुठे?"

"बांधेल नही, पण ठरेल शे ना! आन तठे मी फरसाण खादं!"

मामा जेवायला थांबले नाहीत. जिन्यावरून उतरताना फक्त म्हणाले, "दाराचं बघू मग." मामांच्या घराण्यात 'बघू' म्हटलेली गोष्ट पुन्हा कोणाच्या पाहण्यात येत नसे.

संध्याकाळी खाली हॉलमध्ये बैठक बसली. उपाय दिवाकररावांनीच काढला.

"संडास हलवायचा. मामा बसले तिथे पाहुण्यांची खोली न्यायची. मग फोन करून सांगता येईल, तुम्ही पाहुण्यांच्या खोलीतच बसला होतात."

"पण तेव्हा तो संडास होता," धवल म्हणाला.

"प्लॅन बदलला की पहिल्यापासून बदलतो. ऑफिसात असंच असतं."

आता संडास न्यायचा कुठे? पूर्वेच्या कोपऱ्याखाली देवघर होतं. मधल्या जागेखाली शेगडी होती. "खाली मी पोळ्या लाटायच्या आणि वर हे?" असं म्हणून गोदावरीबाईंनी कानांना हात लावले. उरली एकच जागा, खालच्या जुन्या बाथरूमच्या बरोब्बर वरची. तिथे तेजश्रीची खोली होती. स्वराजला फोन लावला. तो इगतपुरीहून म्हणाला, "पाइपलाइनला तर तेच सोपं पडेल, काका." सगळ्यांना हायसं वाटलं.

"मग तेजूचं काय?" धवलने विचारलं.

"तिला दारच हवं होतं ना?" गोदावरीबाई मायेने म्हणाल्या. "संडासाला दार असतंच."

फ्रिजशेजारच्या स्टुलावर तेजश्रीने हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घडीचं टेबल, लॅपटॉप, वायरीचं भेंडोळं आणि एक मोठी छत्री गच्चीवर नेली, दारातून आपल्या खोलीत शिरली आणि कानाला हेडफोन लावून बसली.

थोड्या वेळाने भिंत पाडायला मंडळी आली. दिवाकररावांच्या हातात दोरी, गोदावरीबाईंच्या हातात रांगोळी, धवलच्या हातात खराटा. तिघं दारापाशी थांबली.

"टक टक," दिवाकरराव म्हणाले.

आतून उत्तर नाही.

"टक टक."

"आतच आहे ती, बाबा. ही काय समोर."

"दिसतेय मला. पण 'या' म्हणाली का?"

"मग बाहेरूनच भिंत झाडून टाकू."

"शहाणाच आहेस! मीटिंग चाललीय तिची. भिंत काढलीस तर पोरगी उघड्यावर पडेल."

"अगंबाई, साहेबांसमोर?" गोदावरीबाईंनी पदर सावरला.

"हळू बोला," दिवाकरराव कुजबुजले. "भिंत पातळ आहे."

तिघंही उन्हात गप्प उभी राहिली. मीटिंगमध्ये पहिल्यांदाच ना गुळणी ऐकू आली ना शिट्टी. मॅनेजरने विचारलं, "नवीन ऑफिस घेतलं का?" छत्री नीट करत तेजश्री म्हणाली, "हो. स्वतंत्र केबिन आहे."

दुपारचं ताट तिला खिडकीतून मिळालं. दुसऱ्या दिवशीही ती तशीच जाऊन बसली, तिसऱ्या दिवशीही. आत शिरता येत नाही आणि शिरल्याशिवाय खोली हलवता येत नाही, अशी अडचण झाली. शेवटी दिवाकररावांनी वरचा संडासच रद्द केला. मामांना कळवलं, की आपल्या घरी वर संडास नाही, तेव्हा तुम्ही बसण्याचा प्रश्नच येत नाही. मामांचा राग गेला.

वरचं बांधकाम पुरं झालं आणि अक्षय्य तृतीयेला खोलीची वास्तुशांत झाली. मामांनी टेम्पोतून कांद्याच्या गोण्यांवर आडवं घालून दार आणलं होतं. अस्सल सागवान, दोघांच्याने न उचलवणारं. कडी मामांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. आयुष्यभर गोदामांनाच दारं लावलेली असल्यामुळे ती त्यांनी बाहेरून बसवली.

"आता कोणाची हिंमत नाही शिरायची," मामा दारावर थाप मारून म्हणाले. कडीबद्दल बोलायचा धीर कोणालाच झाला नाही.

सोमवारी तेजश्री नव्या खोलीत कामाला बसली. पहिली मीटिंग सुरू झाली आणि धवल चार्जर शोधत आला. त्याच्यामागून गोदावरीबाई मेथी निवडायला आल्या, वर वारा छान येतो म्हणून. मग मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन, गुळणी भरलेल्या तोंडाने दिवाकरराव आले. मॅनेजर म्हणाला, "पूर परत आलेला दिसतोय."

मीटिंग कशीबशी आटोपून तेजश्रीने विचारलं, "बाबा, टक टक?"

दिवाकररावांनी खिडकीतून गुळणी टाकली आणि आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. "आता कशाला? दार नव्हतं तेव्हा म्हणावं लागायचं. आता दार आहे की. ढकललं की उघडतं."

त्या संध्याकाळी तेजश्रीने सासूबाईंकडून रांगोळीचा डबा मागून घेतला. नव्या फरशीवर तिने टेबलाभोवती एक जाडसर चौकोन काढला आणि एका बाजूला माणूस जाईल एवढी जागा मोकळी सोडली.

मंगळवारी सकाळी गोदावरीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. सागवानी दार त्यांनी कोपराने ढकललं, तरातरा आत आल्या आणि चौकोनाशी येऊन जागच्या जागी थांबल्या.

"टक टक," त्या म्हणाल्या.

तेजश्री मीटिंगमध्ये होती. तिने 'या' म्हटलं नाही. गोदावरीबाई चहा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मागून गुळण्यांचा पेला घेऊन दिवाकरराव येत होते. गोदावरीबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, हळू," त्या कुजबुजल्या. "भिंत पातळ आहे."