मी आणलेला परीक्षक

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी चारचौघांत बोलायला नको होतं. पण आवक-जावकच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेल्या कारकुनाकडे मिरवण्यासारखं दुसरं असतं तरी काय? त्या संध्याकाळी बायकोच्या समितीची मीटिंग आमच्याच बाहेरच्या खोलीत भरली होती. पोस्टर कोण लिहिणार, यावर गाडी अडली होती. आणि मी रिकामे कप उचलता उचलता म्हणून गेलो, "द्या इकडे, मी लिहितो."

बस. पुढचं सगळं रामायण या चार शब्दांमुळे घडलं.

आमच्या भागात जुन्या शाळेच्या तळमजल्यावर बेघर लोकांसाठी एक निवारा आहे. रोज संध्याकाळी सात वाजता त्याच्या मागच्या खिडकीतून साठ-सत्तर माणसांना वाडगाभर सूप आणि पाव मिळतो. सूप समितीची मंडळी पाळीपाळीनं करतात. माझी बायको या समितीची सचिव. (अध्यक्षबाई वेगळ्या आहेत. घरी मात्र दोन्ही पदं बायकोकडेच.) महिनाभरापूर्वी तिथल्या मोठ्या शेगडीनं मान टाकली. आमच्या घरच्या शेगडीवर सत्तर माणसांचं सूप दोन हप्त्यांत शिजवून बायको टेकीला आली होती. नवी शेगडी आली नाही तर खिडकी बंद करावी लागेल, अशी वेळ आली.

म्हणून चाखणीचा कार्यक्रम ठरला. अकरा घरांनी एकेक पदार्थ करून आणायचा, तिकीट काढून आलेल्यांनी प्रत्येकातला चमचाभर चाखायचा, आणि एका बड्या हॉटेलच्या शेफसाहेबांनी पहिला नंबर काढायचा. तिकिटं खपली ती त्यांच्याच नावावर.

मला मजकूर दिला होता तो असा: 'भुकेल्या व बेघर लोकांच्या मदतीसाठी चाखणी मेळावा. प्रवेश तिकिटानेच.' पण 'भु'ला मी असा काही डौलदार उकार काढला की अर्धा कागद तिथेच संपला. मग ऑफिसच्या सवयीनं मजकूर थोडक्यात केला: 'भुकेल्या व बेघर लोकांसाठी चाखणी मेळावा. रविवारी अकरा वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. सर्वांनी अवश्य यावे.' अशी बारा पोस्टरं लिहून मी बसस्टॉपवर, पुलाखाली, सार्वजनिक नळापाशी लावून आलो. सगळ्यांनी अक्षराचं तोंड भरून कौतुक केलं. वाचलं कुणीच नाही. (अक्षर फार चांगलं असलं की असं होतं.)

रविवारी सकाळी बायको हॉलमध्ये टेबलं मांडत होती. "अहो, शेफसाहेब बसनं येतायत. गाडी पाठवू नका म्हणाले, फार साधा माणूस आहे. साडेदहाला स्टॉपवर जा आणि त्यांना घेऊन या."

"ओळखायचं कसं?"

"मोठी दाढी आहे त्यांना. आणि कुठेही गेले तरी चाखायला स्वतःचाच चमचा खिशात ठेवतात म्हणे. जमेल ना एवढं?"

एवढं न जमायला काय झालं! स्टॉपवर पोचलो तर बाकावर एक दाढीवाले गृहस्थ बसलेले. अंगात पोटऱ्यांपर्यंतचा जुना कोट, त्याच्या एका बटणाच्या जागी सुतळी. (मोठी माणसं कशीही राहतात. आमच्या खात्याचे साहेब रबरी चपला घालून येतात.) आणि कोटाच्या वरच्या खिशातून चमचा डोकावत होता. झालं की मग!

"नमस्कार! चाखणीला आलात ना?"

त्यांनी खांबावरच्या माझ्या पोस्टरकडे बोट केलं. "हेच ना ते?"

"हेच, हेच! चला, तुमच्यासाठीच सगळे खोळंबलेत."

"माझ्यासाठी?" त्यांनी मागे वळून कुणी आहे का ते पाहिलं.

"अहो, तुम्ही चमचा लावल्याशिवाय आज तिथे कुणी घास घेणार नाही!"

ताप डोक्यात गेलेल्या माणसाकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कालपासून पोटात काही नाहीये माझ्या."

"वा!" मला भरूनच आलं. "याला म्हणतात निष्ठा! जीभ कोरी ठेवलीत!"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षबाईंनी पुष्पगुच्छ दिला, त्यांना मखमली खुर्चीत बसवलं. ते गुच्छ मांडीवर घेऊन बावरून बसून राहिले. काय विनय, मी मनात म्हटलं.

मी दारात येऊन उभा राहतो तोच एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस धापा टाकत आला. काखेत पांढऱ्या एप्रनची गुंडाळी. "मी..." त्यानं सुरुवात केली.

"कळलं!" भाड्याची भांडी देणारा दहा वाजता घासायला माणूस पाठवणार होता. "किती वाजले बघा. मागे मोरीत आठ पातेली पडलीयत."

"आधी भांडी?"

"मग काय आधी भाषण?"

तो क्षणभर थबकला, मग हसला आणि बाह्या सरसावत मागे गेला. गुणी माणूस! हल्ली मिळतात कुठे असे?

चाखणी सुरू झाली. पहिलं टेबल अध्यक्षबाईंचं. पांढऱ्या सॉसमधल्या भाज्या, वर क्रीमची नक्षी. परीक्षकांनी चमचा काढला, कोटाला पुसला आणि भराभर अख्खा वाडगा संपवला. मग पावानं वाडगा पुसून तो पावही खाल्ला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"शेफ लोक नुसती जीभ लावतात ना?" औषधांच्या दुकानवाल्या काकूंनी विचारलं.

"ते नवशिके," मी म्हणालो. "हे मुळापर्यंत जातात."

दुसऱ्या टेबलावर डॉक्टरांच्या पत्नीनं वाफाळती डिश पुढे केली. परीक्षक म्हणाले, "गार होऊ दे."

"अहो, पण हे गरमच खायचं असतं!"

"आमच्यापर्यंत येईस्तोवर गारच झालेलं असतं. गार झाल्यावर चांगलं लागलं, तर ते खरं."

तिघांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मी चौथा.

पुढे बदाम-अक्रोड ठासून भरलेला केक होता. "चांगला आहे," परीक्षक म्हणाले, "पण याला दात लागतात. माझ्या शेजारी झोपतात त्या आजोबांना दोनच आहेत. तेही समोरासमोर नाहीत."

जोरात हशा पिकला. औषधवाल्या काकू मात्र माझ्या कानाशी लागल्या. "शेफसाहेबांच्या शेजारी आजोबा कसे काय झोपतात हो?"

"हॉटेलातच राहत असतील सगळे," मी म्हणालो. (सरकारनं मला बावीस वर्षांत बढती का दिली नाही, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.)

अकराही टेबलं झाली. भिंतीकडे एका बाजूला संध्याकाळच्या सूपचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. ते स्पर्धेत नव्हतं. पण माझ्याकडे नंबराची एक चिठ्ठी उरली होती, ती वाया कशाला घालवा, म्हणून मी त्यावर बारा नंबर चिकटवला होता. परीक्षक तिथे गेले, झाकण काढलं आणि चमचा तोंडात घातला. आणि थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच हा माणूस सावकाश जेवत होता.

"हे पहिलं," ते म्हणाले.

"पण ते स्पर्धेत नाहीये!" अध्यक्षबाई ताडकन उठल्या.

"अहो, ते संध्याकाळचं आहे!" बायको टेबलांमधून धावत आली. सूप तिनं केलेलं होतं. तिचे कान लाल झाले होते.

मी तेवढ्यात माईक परीक्षकांच्या तोंडापुढे धरलाही होता. "साहेब, या सूपमध्ये असं काय विशेष आहे, ते लोकांना सांगा!"

"हे येतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रोज येतं. सातला, मागच्या खिडकीतून. पाऊस असो, थंडी असो. इथलं बाकीचं सगळं झकास होतं, खोटं कशाला बोलू? पण ते आज आलं, उद्या येणार नाही. याच्या भरवशावर माणसाला दिवस काढता येतो." मग त्यांनी जरा विचार केला. "फक्त मंगळवारचं खारट असतं. मंगळवारी जो कुणी करतो, तो मीठ दोनदा टाकतो."

सगळ्या समितीनं माझ्याकडे पाहिलं. मंगळवारी बायकोचा शिवणाचा क्लास असतो. सूप मी करतो.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. (आमच्या खात्यात कुठलीही फाइल याच वेगानं सरकते.) खिडकी. सात वाजता. दोन दातांचे आजोबा. कोटाची सुतळी.

"तुम्ही... तुम्ही शेफ...?"

"मी सुतार होतो," ते म्हणाले. "हात थरथरायला लागले तसं काम गेलं, मग खोली गेली."

"आणि हा चमचा?"

"निवाऱ्यात चमचे कमी पडतात. आम्ही आपापले ठेवतो."

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. टाचणी नाही पडली, मागचं दार उघडलं. तो गुळगुळीत दाढीचा माणूस ओले हात एप्रनला पुसत बाहेर आला. "भांडी झाली," तो प्रसन्नपणे म्हणाला. "आता चाखायचं का?" आणि त्यानं खिशातून चमचा काढला.

माझे डोळे पांढरे झाले. बायको पुटपुटली, "साहेब, तुमची दाढी...?"

"कालच काढली. मुलगी मागे लागली होती. पण तुमची पद्धत मला फार आवडली हं. आजवर लोकांनी मला आधी हार घातले. आधी भांडी घासायला तुम्हीच लावलीत."

अध्यक्षबाई रिकाम्या मखमली खुर्चीत मटकन बसल्या. बायको माझ्याकडे वळली आणि फक्त "अहो!" म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्या एका 'अहो'त तिनं सव्वीसच्या सव्वीस वर्षं भरली होती.

सुतारकाकांचा आवाज अजून माईकमधून येत होता. "बाकीच्यांना आत घेऊ का? बाहेर उभे आहेत कधीचे."

"कोण बाकीचे?" अध्यक्षबाई किंचाळल्या.

आम्ही खिडकीकडे धावलो. बाहेर तीसेक माणसं रांगेत उभी होती. केस पाणी लावून विंचरलेले, सदरे खोचलेले, प्रत्येकाच्या हातात चमचा. सगळ्यांत पुढे दोन दातांचे आजोबा. त्यांनी पुलाखालचं पोस्टर सोडवून, नीट घडी घालून बरोबर आणलं होतं. आमंत्रण दाखवायला लागलं तर असावं म्हणून.

बायकोनं ते त्यांच्या हातून घेतलं आणि पहिल्यांदाच वाचलं. शेवटपर्यंत. मग परत वाचलं. मी भिंतीत शिरायला जागा शोधत होतो.

"पण तिकिटं काढलेल्यांचं काय?" अध्यक्षबाई कुजबुजल्या. "अन्न चमचा-चमचाच आहे. पुरणार कसं?"

बायकोची बोटं पोस्टरच्या कडेवरून फिरत होती. मग तिनं जाऊन दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. "या," ती म्हणाली. "तुमच्यासाठी म्हणून लिहिलंय ना? मग तुमच्यासाठीच आहे. या, बसा."

शेफसाहेबांनी एप्रन बांधला. "भांडी तर घासून तयारच आहेत," म्हणत त्यांनी अकरा पदार्थ मागच्या खोलीत हलवायला लावले. सॉस वाढवला, भाज्या बारीक केल्या, पाव कापून घेतले. तिकीटवाल्यांना ठरल्याप्रमाणे चमचाभरच मिळालं. दोघं-तिघं रागारागानं निघून गेले. बाकीचे थोडा वेळ अवघडून उभे होते. मग डॉक्टरांच्या पत्नीनं आपला केक दुधात कुस्करून आजोबांपुढे ठेवला, आणि एकेक जण खुर्ची ओढून रांगेतल्यांबरोबर बसू लागला. अध्यक्षबाई सगळ्यांत शेवटी बसल्या, सुतारकाकांच्या शेजारी. त्यांच्या पांढऱ्या सॉसला दुसरा नंबर होता, हे कळल्यावर त्यांचा चेहरा बराच निवळला.

निघताना शेफसाहेबांनी निवाऱ्याची मेलेली शेगडी पाहिली. त्यांच्या हॉटेलच्या गोदामात एक मोठी शेगडी पडून होती. ती सोमवारी दुपारी टेम्पोतून आली, आणि खिडकी सातलाच उघडली. समितीनं ठरावही केला: सूप रोज आधी सुतारकाकांनी चाखायचं, आणि मंगळवारी मिठाचा डबा त्यांच्याच ताब्यात राहील.

माझ्या वाट्याला आलं उरलेली पोस्टरं काढून आणण्याचं काम. मंगळवारी सकाळी, ऑफिसच्या आधी. दोन रात्री धक्क्यानं डोळ्याला डोळा लागला नव्हता, दाढी वाढलेली, अंगात जुना विटका शर्ट, त्यावर खळीचे ओघळ. बसस्टॉपवरचं पोस्टर नखांनी खरवडून दमलो आणि बाकावर सुतारकाकांशेजारी टेकलो. काका आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते. मी त्यांची माफी मागणार, इतक्यात बसमधून एक बाई उतरल्या. आमच्यासमोर थांबल्या. आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे पाणावले. पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला, "खाऊन घ्या हो काहीतरी," म्हणाल्या आणि झपझप निघून गेल्या.

मी पुडा हातात धरून तसाच आ वासून बसलो होतो.

सुतारकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पहिल्या दिवशी जड जातं," ते मायेनं म्हणाले. "होते सवय."