गेलेलीचं नाव कोणत्या पानावर संपतं

आत्मारामतात्या कादंबरी वाचत नसत, तपासत असत. पुस्तक आधी खिडकीतल्या उजेडात धरायचं, पानं सर्रकन सोडायची आणि मगच कानावरची पेन्सिल काढून बसायचं. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये ते कापडाचे चेकर होते. टेबलावरून सरकणाऱ्या कापडात डाग, भोक, तुटका धागा शोधायचा आणि तिथे खूण करायची. पंधरा वर्षं हेच केल्यावर माणूस चहाचा कपसुद्धा वळवून पाहिल्याशिवाय तोंडाला लावत नाही. दूधवाल्याच्या दुधात, रिक्षावाल्याच्या रस्त्यात, अहो, माझ्या नमस्कारातही त्यांना संशय यायचा. "मास्तर, आठे काहीतरी गोम शे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. 'आहे'ला 'शे' म्हणायची खोड आम्हा खानदेशी मंडळींना सुरतेत येऊनही सुटलेली नाही.

मी मराठी शाळेत मास्तर. रविवारी सकाळी शाळेतच ठेवलेलं आमच्या मंडळाचं पुस्तकांचं कपाट उघडायचं काम माझ्याकडे. तात्या एकाच तऱ्हेच्या कादंबऱ्या न्यायचे. नायकाची बायको जाते, तो खचतो, मग दुसरी कुणी भेटते आणि शेवटी प्रेम. तात्या स्वतः विधुर. सुमनवहिनी चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षी काविळीने गेल्या, त्याला चार वर्षं झाली होती. पन्नाशीला टेकलेला माणूस असलं वाचतो म्हटल्यावर मलाही संशय आला. त्यातून परत आलेल्या प्रत्येक पुस्तकात एका पानावर पेन्सिलीची फुली! म्हटलं, चावट मजकूर असणार. दार लावून पाहिलं. कुणी चहा पितंय, कुणी पत्र लिहितंय. माझी निराशाच झाली.

शेवटी विचारलंच. "तात्या, मंडळाच्या पुस्तकांवर फुल्या कशाला?"

"डाग शे तठे."

"मला तर दिसत नाही."

"पुढे वाचा ना. त्या मरेल बाईनं नावच नही. शंभर पानं बाकी शेतस. कोठे गयी ती?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "लिहिणारानी तिले हळूच काढी टाकी."

घरी जाऊन मी एक कादंबरी पडताळून पाहिली. फुलीनंतर तिचं नाव खरोखरच नव्हतं.

त्याच सुमारास बमरोलीच्या मंगलाबाईंचं स्थळ त्यांना सांगून आलं होतं. नवरा लूमवर शॉक लागून गेलेला, बाई घरी साड्यांना लेस लावून पोट भरायची. आमच्यात विधवेचा पाट लागतो, कुणी नाकं मुरडत नाही. बाई आवडते, हे तात्यांनी माझ्यापाशी कबूल केलं आणि लगेच तिच्या भावावर संशय घेतला, मग भटजीवर, मग स्वतःवर. वर्ष झालं तरी हो म्हणेनात. अखेर मंगलाबाईंनी निरोप धाडला, दिवाळीपर्यंत काय ते सांगा, नाहीतर मी कायमची गावाला निघते.

त्या आठवड्यात तात्यांनी तीन कादंबऱ्या नेल्या आणि तिन्ही फुली मारून परत आणल्या. चेहरा पार उतरला होता. "एक बी पास नही, मास्तर."

मला त्यांचा राग आला, दयाही आली. म्हटलं, "खड्ड्यात गेली पुस्तकं! आपल्याकडे दुसरी आली की पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते की नाही? नवं लुगडं आधी त्याला दाखवते, मग नेसते. आपल्या लोकांनी कुठे काढून टाकलंय तिला?"

त्या दिवशी तात्या पुस्तक न घेताच गेले.

दिवाळीच्या आत पाट लागला. पुढच्या रविवारी दोघं शाळेत पेढे घेऊन आली. मंगलाबाईंच्या गळ्यात काळ्या मण्यांशेजारी सुमनवहिनींचा टाक होता. तात्या पेढा द्यायला वाकले, तर त्यांच्याही शर्टातून काळ्या दोऱ्यातला एक टाक बाहेर आला. मी डोळे बारीक करून पाहिलं. पुरुषाच्या गळ्यात टाक मी जन्मात पाहिला नव्हता.

"सोनारबी हसना," मंगलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मात्र भरून आले होते.

मी काय विचारणार ते तात्यांना कळलं असावं. साध्या गोष्टीला इतकं काय बघायचं, अशा सुरात ते म्हणाले, "मन्ही सुमन तिन्हा गळामा. मग तिन्हा पहिला माणूस कोठे जाई?"