मधलं सोडून बाकी पूल

सभागृहातले शेवटचे विरोधी सभासद मंगळवारी जेवणानंतर सरकारी बाकांवर जाऊन बसले. कारण साधं होतं. विरोधी बाजूचा पंखा बंद होता, आणि तो दुरुस्त करा म्हणून ओरडायला त्या बाजूला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

इस्त्रीवाल्या बाईंना ही बातमी वर्तमानपत्राआधी कळली. सभासदांचे कपडे त्यांच्याच दुकानात येत. त्या संध्याकाळी गठ्ठा सोडला, तर सगळे गळपट्टे एकाच रंगाचे.

"बरं झालं," त्या सुनेला म्हणाल्या, "एकाचा रंग दुसऱ्याला लागायची भीती गेली."

सून हसली नाही. त्या घरात सासूबाई आधी हसायच्या, मग बाकीचे.

अडचण दुसऱ्या दिवशी आली. जुना नियम होता की, एक तरी विरोध नोंदल्याशिवाय कुठलाही ठराव मंजूर होत नाही. सभागृहाचे सचिव घाम पुसत दुकानात आले.

"बाई, गल्ली तुम्हाला तोफ म्हणते असं ऐकलं."

"पाठीमागे म्हणत असेल. तोंडावर म्हणायची छाती आहे कुणाची?"

"तात्पुरता विरोधी पक्ष व्हाल का? पंखाही दुरुस्त करून देऊ."

"आणि विरोध कशाला करायचा?"

"कालव्यावरच्या पुलाला."

बाईंनी इस्त्री उभी केली. सून कालव्यापलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती. रोज लांबचा वळसा घालून घरी यायची ती पायाचे तुकडे पडल्यासारखी. पूल तर बाईंनाच हवा होता.

"म्हणजे मी नको म्हटलं, की होणार?"

"नियमच तसा आहे."

"मग म्हणते बापडी नको. माझं काय जातंय?"

सभागृहात बाईंपुढे नकाशा पसरला. पुलाला हे टोक होतं, ते टोक होतं. मध्ये नुसतं पाणी.

"अहो मंत्री, याचं मधलं कुठंय?"

मंत्री नम्रपणे उभे राहिले. "अलीकडचं काम थोरल्या मेव्हण्याकडे आहे, पलीकडचं धाकट्याकडे. तिसरा मेव्हणा मला नाही. सासऱ्यांच्या हातून तेवढं राहून गेलं."

"मग दुसरं लग्न करा, नाहीतर मधलं परक्याला द्या! माणसं चालायचीत त्यावरून! माझा विरोध आहे, विरोध!"

सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. सचिवांनी लिहिलं: 'विरोध नोंदला. सबब ठराव मंजूर.'

"मग मी विरोध मागे घेते!"

"कशी घेणार? ठराव मंजूर झाला, तुमचं पद संपलं," सचिव म्हणाले आणि जाता जाता पंखा बंद करून गेले.

लगेच एक पाहणी झाली. जनतेचा राज्यकर्त्यांवरचा विश्वास दुपटीने वाढला होता. बाई इतकं तोडून बोलल्या तरी त्यांना कुणी हात लावला नाही, म्हणजे माणसं भलीच असणार. गल्लीही निर्धास्त झाली. आपल्या वाटचं बाईंनी बोलून झालंय ना, मग आपण कशाला तोंड शिणवायचं?

पूल मात्र वेळेत झाला, मधलं सोडून. पहिलं पाऊल टाकायचा मान सरकारने मोठ्या मनाने विरोधी पक्षाच्या घरात दिला. सुनेच्या हातात गुच्छ आला. मंत्र्यांनी फीत कापली. पुढच्या रांगेला खालचं पाणी लख्ख दिसत होतं. मागच्यांनी विचारलं, तेव्हा पुढचे म्हणाले, "मोठ्या लोकांनी काहीतरी विचार केलाच असेल की."

"अगं ए, थांब!" बाई गर्दीतून ओरडल्या. "मध्ये पूल नाही!"

"दिसतंय मला, आई," सून म्हणाली.

"मग नाही म्हण त्यांना!"

"कसं म्हणू? मोठ्यांपुढे ब्र काढायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

ती चालू लागली.

बाई तशाच धावल्या. पण तोवर सुनेमागे पुलावर मोठी रांग लागली होती, आणि त्या रांगेत तुम्ही बाईंच्या अगदी पुढे उभे होतात.

"सरका बाजूला!" बाई कशाबशा म्हणाल्या. "पुढे पाणी आहे!"

तुम्ही मागे वळलात. दोन्ही हात टाळ्यांत गुंतलेले.

"मावशी," तुम्ही म्हणालात, "धक्काबुक्की नको. रांगेत या."