चिलटांच्या आयांची निर्दोष मुक्तता

मूल उशिरापर्यंत बोललं नाही की त्याचं कारण शोधणं हे समाजाचं कर्तव्य आहे, आणि ते कारण त्याच्या आईतच सापडणं ही समाजाची सोय आहे. सेलूत ही सोय १९८० पर्यंत सुरळीत चालू होती.

त्या वर्षी तिथल्या कॉलेजातले प्राध्यापक पुंडलिकराव यांनी दुधाच्या बाटल्यांत केळ्यावरची चिलटं पाळली. चिलटाला एक वास द्यायचा आणि लगेच विजेचा बारीकसा झटका (वीज असेल तर). शहाणं चिलट पुन्हा त्या वासाकडे फिरकत नाही, मंद चिलट जातंच. (जानेवारीत निवडणूक होऊन गेली होती. तिचा इथे संबंध नाही.) मंद चिलटांची पिलंही मंद निघत. त्यावरून माणसांच्या मुलांचंही काही कळेल, अशी पुंडलिकरावांना आशा होती.

चिलटांसाठी गूळ-मक्याची लापशी मंदाबाई शिजवीत. त्यांची कोकिळा सहा वर्षांची, हसरी, पण बोलत नसे. मंदाबाईंनी गरोदरपणी ग्रहणात वांगी चिरली होती, हे सासूबाई देवकाबाईंनी आळीभर जाहीर केलं होतं. तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंदाबाईंना कुणी बोलावत नसे. त्याचं त्यांना फार वाईट वाटे.

एकदा बाटली बदलताना त्यांनी विचारलं, "मास्तर, चिलट तं वांगे चिरत नाई. मंग त्याचं पोरगं मंद काऊन?"

"दोष बीजात राह्यते, बाई. कधी मायकडून येते, कधी बापाकडून."

शेवटचे दोन शब्द आळीत पोचले आणि तातडीने चौकशी समिती नेमली गेली. सदस्य : किराणावाले अण्णाजी (गुळाच्या ढेपांमुळे चिलटांचा दांडगा अनुभव), देवकाबाई (सात बाळंतपणं) आणि नत्थूजी (रिकामे होते). समितीने बाटल्या पाहिल्या, दोनदा चहा घेतला आणि एकमताने निर्णय दिला : फेब्रुवारीतल्या ग्रहणात चिलटांच्या आया बंद कपाटात होत्या, जवळ विळी नव्हती, सबब त्या निर्दोष. माणसांबाबत जुनाच निर्णय कायम.

"चिलटाच्या मायले सोडलं, अन् मले नाई?" मंदाबाई म्हणाल्या.

"तू का चिलट हायेस?" देवकाबाईंनी कायदा समजावून सांगितला.

मंदाबाईंना हसूच फुटलं. पुढच्या संक्रांतीला त्यांनी प्रयोगशाळेतच हळदीकुंकू केलं. निर्दोष सुटलेल्या एकेका बाटलीला कुंकू लावलं, कोकिळेने तिळगूळ वाटला. चिलटं झाडून सगळी हजर होती.

आता तुम्ही विचाराल, कोकिळा पुढे बोलली का? जरूर विचारा. पण इथवर वाचत आलात, तरी तिचा बाप कोण, हे तुम्हीही विचारलं नाहीत. (बबनराव. त्या ग्रहणात वांग्याची भाजी त्यांनाच हवी होती.)