भुवयांचा फ्लेमिंगो

धरमतरच्या खाडीतलं पाखरू माझ्या नजरेतून सुटत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो! अहो, हमरापूरच्या कारखान्यात वीस वर्षं गणपतीचे डोळे आखतोय मी. माझ्या नजरेवर कुणी शंका घ्यावी? पण रोह्याचे नथानियल सर घेत होते ना!

सर शाळेतून निवृत्त झालेले. पेण-रोह्याच्या पक्ष्यांची नोंदवही त्यांच्याकडे. कुणाला काही दिसलं की सरांना कळवायचं. कळवणारा सोडून आणखी दोघांनी नीट पाहिलं, तर नोंद शाईनं. नाहीतर पेन्सिलीनं, पुढे प्रश्नचिन्ह! माझ्या नावावर एकूण एकवीस प्रश्नचिन्हं! आणि सरांचा शेजारी नूरमहंमद, कुवेतहून दुर्बीण घेऊन आलेला, त्याचा साधा खंड्यासुद्धा शाईत! का? तर म्हणे दुर्बीण आहे.

त्यात सर मे महिन्यात कायमचे इस्रायलला निघालेले, मुलाकडे. वही मुंबईच्या कुठल्याशा संस्थेला देणार होते. म्हणजे माझी अब्रू कायमची पेन्सिलीत!

चैत्र लागला, पाहुणे पक्षी परतीला लागले, आणि एका बुधवारी मिठागरात मला दिसला फ्लेमिंगो. एकटाच! गुलाबी! मी धावत एसटीडी बूथ गाठला.

"सर, फ्लेमिंगो!"

"बगळा असेल, दिनानाथ."

"सर, गुलाबी हाय हो!"

"तुमचा रंग उडाला असेल अंगावर. रविवारी येतो."

रविवार! तोवर एकटं पाखरू थांबतंय कशाला? बसलो विचार करत. आणि सुचलं! सोबत दिली तर थांबेल की! गुरुवारी सकाळी सरस्वतीच्या हंसाचा साचा काढला, प्लॅस्टर ओतलं, मान लांबवली, लोखंडी गजाचे पाय लावले आणि वर गुलाबी रंग दिला.

बायको, बायजा, दारात कमरेवर हात ठेवून उभी. "दीडशे गणपती कच्चे पडलेत आणि तुम्ही पाखरू रंगवताय? येड लागलंय काय?"

"तू गप गो! इज्जतीचा सवाल हाय!"

आणि सांगतो, युक्ती लागू पडली! माझा फ्लेमिंगो मिठागरात उभा केला, तर खरा त्याच्यापासून पन्नास पावलांवर शनिवारपर्यंत मुक्काम ठोकून. रविवारी दहाच्या एसटीनं सर यायचे, त्याआधी आपला उचलून आणायचा, असा बेत. पण सर नूरमहंमदला घेऊन आले पहिल्या गाडीनं! मी बांधावर पोचतो तर नूरमहंमद दुर्बीण लावून उभा.

"दिनानाथभाई, दोन हायत की!"

सरांनी दुर्बीण ओढून घेतली. बराच वेळ पाहिलं.

"दिनानाथ."

"काय सर?"

"या पक्ष्याला भुवया आहेत."

आता यात माझा काय दोष? वीस वर्षांची हाताला सवय! डोळा आखला की वर भुवई येतेच. काजळाची रेघही आली होती. पक्षी सरांकडे अगदी प्रसन्नपणे पाहत होता.

कॉपी पकडल्यासारखा चेहरा करून सर छत्री घेऊन चिखलात उतरले. पक्ष्याच्या पाठीवर छत्री मारली. ठक्क! तसेच तरातरा दुसऱ्याकडे निघाले.

"सर, तो खरा हाय! शपथेवर सांगतो!"

"अस्सं? याचं तर डोकंही लावायचं राहिलंय!"

अहो, झोपला होता तो! एका पायावर, डोकं पंखात खुपसून! सरांनी छत्री उगारली मात्र, पंखातून मान बाहेर आली, लाल-काळे पंख उघडले आणि केकाटत स्वारी उडाली. सर फतकल मारून चिखलात. चष्मा त्याहून खाली!

"नूरमहंमद! पाहिलास ना? पाहिलास ना?" मी ओरडलो.

तो अजून पहिल्यावरच दुर्बीण रोखून. "काय झालं? मी भुवया बघत होतो."

घरी बायजानं सरांच्या पायांवर पाणी घातलं, चहा दिला. सरांनी वही उघडली आणि पेन्सिल काढली.

"सर! स्वतः हाकललात आणि पेन्सिल?"

"तो उडाला तेव्हा माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. यानं उडताना पाहिलाच नाही. नियम तो नियम." आणि काढलं की हो प्रश्नचिन्ह! बाविसावं! माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन!

मी तणतणत आत जाणार, तेवढ्यात सरांनी खिशातून शाईचं पेन काढलं. सावकाश, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली.

"धरमतर. प्लॅस्टरचा फ्लेमिंगो, एक. दिनानाथ यांनी कळवला नाही, तरी दोघांनी नीट पाहिला. भुवया सुरेख."

मुंबईच्या त्या वहीत माझ्या नावावर शाईची नोंद आजही एवढीच आहे. संताप येतो नुसता! भुवया मात्र खरंच सुरेख जमल्या होत्या, पण ते बायजाला सांगू नका.