एक टीबीचे धवले

मेमरी कार्ड मीच निवडून आणतो, असं हरेश म्हणाला तेव्हा रोहिणीने त्याला तिथल्या तिथे अडवायला हवं होतं. पण बिचारी पापड वाळत घालत होती. हातातलं काम टाकून नवऱ्याला अडवत बसायचं म्हटलं, तर बाईचा दिवस त्यातच जायचा.

हरेश खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क. वीस वर्षं नटबोल्ट तपासून घेणं आणि खराब निघाले की परत धाडणं हे त्याचं काम. त्यामुळे आपल्याइतकी मालाची पारख खालापूर तालुक्यात कुणाला नाही, असा त्याचा पक्का समज. (कांदेसुद्धा तो उजेडात धरून बघतो. कांद्यात त्याला काय दिसतं ते त्यालाच ठाऊक.)

कार्ड हवं होतं ते गौराबाईसाठी. गौराबाई म्हणजे रोहिणीची लोधिवलीची मावशी, त्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. मांडव घातल्यापासून वरात परतेपर्यंत लग्नाच्या प्रत्येक विधीला जे धवले म्हणतात, ते सगळे तिला तोंडपाठ. कागदावर एक ओळ नाही. आणि तिने जाहीर करून टाकलं होतं, "तेजश्रीचं लगीन शेवटचं. मंग माझा गला बंद."

तेजश्री ही रोहिणीची भाची. मावशीकडून धवले शिकायचे, हे रोहिणीच्या मनात लहानपणापासून होतं, पण संसाराच्या रगाड्यात राहून गेलं. आता एकदा सगळे रेकॉर्ड करून ठेवायचे आणि घरी ऐकून ऐकून पाठ करायचे, असा तिचा बेत होता. लग्नाच्या फोटोवाल्याचा भरवसा नाही, तो धवले कापून वर सिनेमाची गाणी चिकटवतो. हरेशच्या फोनमध्ये आवाज छान येई, पण त्यातली सगळी जागा सुप्रभातच्या गुलाबांनी खाल्लेली.

"शिळफाट्याला देवेशच्या दुकानात जावा," रोहिणी म्हणाली. "तो देईल ते आणा. आनी डोकं लावू नका."

हे शेवटचं तिने बोलायला नको होतं.

देवेशने काचेखालून चौसष्ट जीबीचं कार्ड काढलं. "दादा, हे घ्या. तीन लग्नं मावतील."

"याच्याहून मोठं नाय?"

"तुमच्या फोनला एवढं बास हाय."

"म्हणजे मोठं हाय, पण तू दाखवत नायस."

"दादा, तसं नाय, तुमी ऐका तर..."

"मला नको शिकवू रं. वीस वर्षं माल घेतोय मी."

आणि तो तडक बाहेर पडला. वीस पावलांवर एक हातगाडी उभी होती. मोबाइलची कव्हरं, चार्जर, कानात घालायच्या वायरी, आणि मधोमध कार्डांचा ढीग. एक टीबी! म्हणजे हजार जीबी, आणि तेही देवेशच्या निम्म्या भावात. हरेशने एक उचलून उजेडात धरलं. अक्षरं सोनेरी होती. नखाने खरवडून बघितली, निघाली नाहीत. पाकिटाच्या मागे चार भाषांत गॅरंटी दिलेली होती आणि चारातली एकही वाचता येत नव्हती, म्हणजे माल नक्कीच परदेशी.

"साहेब, नातवाचं लगीनपण यातच काढा," गाडीवाला म्हणाला. (हरेशची मुलगी नववीत आहे.)

हरेशने आणखी घासाघीस केली, गाडीवाल्याचा चेहरा पाडला आणि गड जिंकल्यासारखा घरी आला. कार्ड फोनमध्ये घातलं. फोन जागा खरोखरच हजारच्या आसपास दाखवत होता! त्याने तो आकडा रोहिणीला दाखवला, लेकीला दाखवला, शेजारच्या बुधाजीला कुंपणावरून दाखवला.

"आदी चालवून बघा," रोहिणी म्हणाली.

हे काय सांगायला हवं? हरेश गच्चीवर गेला आणि स्वतःसमोर फोन उभा करून त्याने पाऊण तास चाचणी घेतली. फोन सगळ्यात चकचकीत चित्राच्या सेटिंगवर लावला होता, कारण जागेचा तोटाच नव्हता. मग तो व्हिडिओ चालवून बघितला. सगळं कसं सुरेख दिसत होतं, ऐकू येत होतं. माल पास.

हळदीच्या दुपारी हरेश मांडवात गौराबाईच्या पुढ्यात ठाण मांडून बसला. म्हातारी तीन तास गात होती. मध्ये फक्त दोनदा पाणी प्याली. ज्या लग्नानंतर आपण गाणार नाही त्या लग्नात माणूस काय जीव ओतून गातो, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. दोन-तीन बायकांनी आपापले फोन बाहेर काढले. रोहिणीनेही काढला.

"अगं ठेवा, ठेवा," हरेशने हात वर केला. "सगळ्यांनी कशाला हात दुखवायचे? माझ्याकडं एक टीबी हाय. मी सगळ्यांना पाठवतो."

बायकांनी फोन ठेवले. रोहिणीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तिनेही ठेवला.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी माहेरची माणसं हरेशकडे जेवायला आली. त्याने फोन टीव्हीला जोडला. यादी लांबलचक होती, बेचाळीस व्हिडिओ. हळदीचा पहिला दाबला. उघडेना. दुसरा दाबला. काळा पडदा. सातवा, अकरावा, तिसावा, सगळे तसेच. हरेशने यादी भराभर वर सरकवली. त्याने वरचा एक दाबला आणि तो मात्र लगेच सुरू झाला. टीव्हीवर बनियन घातलेला हरेश आला. मागे गच्चीवरची पाण्याची टाकी.

"तर मित्रांनो," टीव्हीवरचा हरेश म्हणाला, "मेमरी कार्ड निवडताना माणसाला पारख पायजे. दुकानदार आपल्याला फसवायला बसलेला असतो."

घाईत बंद करायचं बटण सापडेना. सात-आठ मिनिटं हरेशने हरेशचं व्याख्यान सगळ्या सासरवाडीसोबत ऐकलं. रोहिणीचा भाऊ तोंडावर रुमाल धरून अंगणात पळाला. वहिनी ताटाकडे बघत राहिल्या. एवढ्या मोठ्या कार्डावर जे टिकलं, ते हेच.

रोहिणी उठली. तिने भांडी आवरली, माणसांना निरोप दिला, दुसऱ्या दिवशी वेळेवर डबा भरून दिला. चार शिव्या दिल्या असत्या तर हरेशला बरं वाटलं असतं. संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा ती मोरीत कपडे धूत एक धवला आठवून म्हणत होती. दोन ओळी झाल्या की अडत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती, पुन्हा तिथेच अडत होती. हरेश दाराबाहेर चपला न काढता तसाच उभा राहिला. आपण काय करून बसलोय ते त्याला तेव्हा खरं कळलं, आणि धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

तो शिळफाट्याला गेला. हातगाडीच्या जागी आता कलिंगडवाला होता. देवेशकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

देवेशने कार्ड कॉम्प्युटरला लावलं. "दादा, हे आठ जीबीचं हाय. वर खोटी पाटी लावल्याय. आठ भरले की पुढचं नुसतं नाव लिहितं, आत काय नाय. आनी तुमचे आठ भरले कशानं म्हणाल, तर..." त्याने पडद्यावर बघितलं. "हे गच्चीवरचं तुमीच ना?"

"चौसष्टचं दे," हरेश मान खाली घालून म्हणाला.

रविवारी तो रोहिणीला घेऊन लोधिवलीला गेला. गौराबाई पडवीत वाल सोलत होती. हरेशने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, गच्चीसुद्धा सांगितली. "मावशी, फक्त एकदा म्हणा. माझ्यासाठी नको, हिच्यासाठी."

म्हातारीने वालाचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मी म्हनंन रं. पन मांडव नसता धवला म्हनू नये. अपशकुन व्हतो. मांडव पायजे, उंबराची डहाली पायजे, पाटाव हळद लागलेला नवरा पायजे."

"आता नवरा कुठून आणायचा?"

गौराबाईने त्याला डोक्यापासून पोटापर्यंत न्याहाळलं. पोटाशी जरा जास्त वेळ थांबली. "जावय, तू कोन हायस मंग?"

तासाभरात अंगणात चार बांबू उभे राहिले. सत्तेचाळीस वर्षांचा हरेश बनियन घालून आणि पंचा नेसून पाटावर बसला. आळीतल्या बायका हळद वाटून घेऊन आल्या आणि उटणं लावावं तसं त्याला चोळू लागल्या. पोरं कुंपणावर चढली. हमरस्त्याला लागणारा एक टेंपोवाला टेंपो थांबवून आत आला. लाजेने हरेशचे कान तापले होते, पण हळदीखाली ते कुणाला दिसलं नाही.

रोहिणीने नवीन कार्डाचा फोन धरला. हरेश पाटावरूनच ओरडला, "सगळ्यांनी काढा! ज्याच्याकडं फोन हाय त्यानं काढा!" नऊ फोन वर झाले. संध्याकाळपर्यंत तो पिवळा हरेश खोपोलीच्या कारखान्यात पोचणार होता, हे त्याला कळत होतं. तरी तो बसून राहिला.

गौराबाई गायली. प्रत्येक धवल्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं, तिथे तिने हरेशचं घेतलं. देव आळवले, गावं आळवली, आणि मांडवाच्या धवल्यात तिने आपलं पदरचं जोडलं:

"सोन्याच्या अक्षराला भुलला हरेश बाला,
रिती डबी घेऊनी मांडवी मिरवला."

अंगण हसून लोळलं. रोहिणीही हसली. आठ दिवसांनी तिचं हसू दिसलं आणि हरेशला पाटावर भरून आलं.

"मावशी, एवढं सोडून शिकते," घरी निघताना रोहिणी म्हणाली.

"नाय गं. मांडवात म्हनलेलं सोडायचं नसतं. शिकायचं तर सगलं शिक."

रोहिणी सगळं शिकली. पुढच्या मोसमात शेलूला हर्षद नावाच्या मुलाच्या हळदीला तिला बोलावणं आलं. धवलारीण म्हणून तिचं ते पहिलं लग्न. नवऱ्याच्या जागी हर्षदचं नाव तिने बरोबर घातलं, पण मावशीचं पदरचं होतं तसंच ठेवलं. हरेश फोन धरून मागे उभा होता. रोहिणीने देव आळवले, गावं आळवली, आणि तिचा आवाज वर चढला, "हरेश बाला..."

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले. "हा कुठला देव, पाव्हनं?"

हरेशचा ऊर भरून आला. "आमच्या खालापूरकडचा," तो हळूच म्हणाला.

म्हाताऱ्याने डोळे मिटून नमस्कार केला. तेवढ्यात रोहिणीची दुसरी ओळ आली. म्हाताऱ्याने ती नीट ऐकली, डोळे उघडले, जोडलेले हात सोडले आणि म्हणाला, "देव नाय. कुनाचा तरी जावय दिसतो."