नावेत बसलेली मुलगी आणि अकरावा फर्मा

पुस्तक छापून घेणं हे माझं काम आहे आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नाही. लेखक लिहितात, संपादक खोडतात, पण कागद आणणं, छापखान्याच्या मागे लागणं, बाइंडरला वेळेवर जागं करणं, हे सगळं मी करतो. आमच्या प्रकाशनातल्या कुठल्याही पुस्तकाचं पान आजवर उलटं लागलेलं नाही. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

म्हणूनच बायकोची पहिली कादंबरी आमच्याकडे आली, तेव्हा मी तिला म्हणालो, "तू आता निवांत झोप. पुढचं माझ्यावर सोड."

तिने सोडलं. एवढंच नाही, तर अर्पणपत्रिकेत लिहिलं: 'ज्याच्या हाती दिलं की काळजी नाही, त्याला.' मी त्या पानाचं प्रूफ चार वेळा तपासलं. एकदा पुरलं असतं, पण वाचायला बरं वाटत होतं.

कादंबरीचं नाव 'तळघरातली नदी'. वाचक चौदा-पंधरा वर्षांचे, गोष्ट ग्रीक पुराणांच्या अंगाने जाणारी. एका मुलीच्या घराच्या तळघराखालून मृतांची काळी नदी वाहत असते. तिचा धाकटा भाऊ त्या नदीपलीकडे गेलेला आणि ही त्याला परत आणायला निघालेली. वाटेत तीन तोंडांचा कुत्रा, केसांच्या जागी साप असलेली बाई, चक्रव्यूह आणि त्यातला बैलाच्या डोक्याचा राक्षस. हे सगळं बायकोने चार वर्षं नोकरी सांभाळून लिहिलं. त्या चार वर्षांत आमच्या घरात जेवताना गप्पा व्हायच्या त्या नरकाच्याच.

त्याच सुमारास आमचं दुसरं एक पुस्तक छापून आलं होतं: 'नळ, टाक्या आणि तुम्ही'. आकार तोच, कागद तोच, अक्षरही तेच, कारण मी काटकसरी आहे. दोन्ही पुस्तकं बांधायला एकाच बाइंडरकडे. त्यांना सगळे मामा म्हणतात.

आता बांधणी कशी होते ते थोडक्यात सांगतो. सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात, त्यांना फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याचा गठ्ठा टेबलावर ओळीने मांडायचा आणि एकेक उचलत पुस्तक पुरं करायचं. फर्म्यांच्या पाठीवर एकेक काळी खूण असते. पुस्तक जुळलं की त्या खुणांची तिरपी शिडी दिसते. शिडी मोडली, म्हणजे फर्मा चुकला. साधी गोष्ट आहे.

मी पाहणीला गेलो, तेव्हा मामा चहा सांगायला बाहेर गेले होते. शेजारी शेजारी दोन टेबलं, दोन पुस्तकं. दोन्ही टेबलांवर एकेक जागा रिकामी आणि दोन गठ्ठे खिडकीत पडलेले. मला पसारा बघवत नाही. मी दोन्ही गठ्ठ्यांवरचा पहिल्या पानाचा आकडा पाहिला. दोन्हींवर एकशे एकसष्ट! म्हणजे दोन्ही अकरावे. मी एक इकडे ठेवला, एक तिकडे ठेवला आणि हात झटकले.

मामा आले. "साहेब, टेबलाला हात लावला नाहीत ना?"

"छे, जरा आवरलं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, पण चहा आला.

पुस्तकं बांधून झाली. मी शिडी तपासली. सरळसोट! अकराव्या खुणेच्या जागी अकरावीच खूण होती, मोडणार कशी?

प्रकाशन समारंभ वाचनालयाच्या सभागृहात होता. दुपारी मी विक्रीच्या टेबलावर प्रती रचत होतो. एक हातातून सुटली आणि नेमकी तिथेच उघडली. डाव्या पानाच्या शेवटी मुलगी नावेत बसली होती. नावाड्याने वल्हं आडवं धरून म्हटलं होतं, 'पलीकडे जायचं असेल, तर एकच अट आहे.'

उजव्या पानावर होतं, 'वॉशर नेमक्या मापाचा हवा.'

मी दुसरी प्रत उघडली. वॉशर. तिसरी, वॉशर. दहाव्या प्रतीतही वॉशरच. मामांना फोन लावला.

"शिडी बरोबर होती ना?" मामा म्हणाले.

"होती."

"मग आत दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा असणार." मामा म्हणाले. "त्या दिवशी टेबल कोणी आवरलं होतं साहेब?"

मी फोन ठेवला. बायको आत आरशासमोर होती आणि आज ती वाचणार होती तो भाग नेमका नावेपासून सुरू होत होता. चार वर्षांतली दीड वर्षं त्या एका प्रकरणात गेली होती.

खरं सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण ती इतकी खुशीत होती की माझी जीभच रेटेना.

"आज पहिलं प्रकरण वाच ना," मी म्हणालो.

"का?"

"ते छान आहे."

"नावेचं छान नाही?"

"छान आहे गं. फक्त आज नको."

"म्हणजे तुला आवडलेलं नाही." तिने हातातला कंगवा खाली ठेवला. "चार वर्षांत एकदा सांगायचं होतंस."

"तसं नाही. निदान घरून आणलेल्या कागदांवरून तरी वाच."

"पुस्तकातूनच वाचणार," ती म्हणाली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

सभागृह भरलं. बायको उभी राहिली, पुस्तक उघडलं आणि वाचू लागली. आवाज चांगला लागला होता. नाव आली, काळं पाणी आलं, नावाडी आला. "पलीकडे जायचं असेल, तर एकच अट आहे," तिने वाचलं आणि उजवीकडचं पान सुरू झालं.

ती थांबली. मान वर करून तिने मला शोधलं. मी मागच्या रांगेत होतो, तरी सापडलो. मग तिने पुन्हा पुस्तकात पाहिलं आणि त्याच गंभीर आवाजात वाचायला लागली.

"वॉशर नेमक्या मापाचा हवा. मापात चूक झाली, तर कितीही आवळा, गळती थांबणार नाही. प्रथम मुख्य पुरवठा बंद करावा. साचलेलं पाणी अंगावर येईल. घाबरू नये."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे मिटून मान डोलावली. ती पान संपेपर्यंत वाचत राहिली आणि टाळ्या पडल्या.

मग प्रमुख पाहुण्या उठल्या, शाळेच्या ग्रंथपाल. त्यांना प्रत आधी पाठवली होती. "याच भागाबद्दल मला बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "मृत्यूच्या नदीत उभं राहून लेखिका दुरुस्तीची भाषा बोलते. मुख्य पुरवठा बंद करावा! सोळा पानं ती एकदाही भावुक होत नाही. केवढा हा संयम!"

प्रती संपल्या. दोन जणांनी बायकोला विचारलं, हे सुचलं कसं? ती म्हणाली, "यजमानांची मदत झाली."

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्या प्रकरणात भाऊ भेटतो," ती म्हणाली. "पण तो तिला ओळखत नाही. ती त्याला त्याच्याच लहानपणच्या गोष्टी सांगत बसते. आणि आज एवढ्या माणसांत एकानेही विचारलं नाही, की तिचं पुढे काय झालं."

मला फार वाईट वाटलं.

काही दिवसांनी कार्यालयात फोन आला. आवाज अनोळखी, जाडसर.

"मी नळाचं काम करतो. तुमचं ते नळाचं पुस्तक घेतलं. लोकांना घरच्या घरी शिकवून आमचा धंदा कोण बुडवतंय ते बघायला."

"त्यात एक फर्मा चुकलाय, आम्ही बदलून देऊ," मी घाईने म्हणालो.

"नको. नळाचं मला येतं. पण मधेच ती पोरगी निघाली हो. नाव, नदी, पलीकडे भाऊ. तो ओळखत नाही तिला, ती त्याला सांगतेय, तू पडला होतास तेव्हा मी तुला पाठीवर घेतलं होतं. आणि पुढच्या पानावर टाकी साफ कशी करायची! मी बायकोला वाचून दाखवलं, ती जेवायची थांबलीय. तो ओळखतो की नाही, तेवढं सांगा."

"एक मिनिट," मी म्हणालो आणि त्यांना घरचा नंबर दिला.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको अजून फोनवर होती. गालांवर पाणी होतं आणि हसत होती. "नाही, थांबा," ती सांगत होती, "कुत्र्याचं आधी ऐका." मी स्वयंपाकाला लागलो. बऱ्याच वेळाने तिने फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलली. म्हणाली, "कांदा जळतोय."

दुसरी आवृत्ती नुकतीच बांधून झाली. अकरावा फर्मा जागेवर आहे. मामांनी टेबलाभोवती दोरी बांधली आहे आणि मला चहा दाराबाहेर मिळतो. अर्पणपत्रिका मात्र बदलली. आता तिथे छापलंय: 'ज्यांनी विचारलं पुढे काय झालं, त्या नळवाल्या काकांना.'

त्या पानाचं प्रूफ मीच तपासलं. चार वेळा. एकही चूक सापडली नाही.